आडरस्त्यावर आडवे आलेले

वन्यप्राणी बघायला अभयारण्यातच जावे लागते, हा समज ज्याने कोणी पसरवला त्याचा जिप्सी भाड्याने देण्याचा धंदा असणार. अभयारण्यात सगळा कारभार वेळापत्रकाप्रमाणे. महिना-महिना आधी बुकिंग करा, पहाटे चारला उठा, ओळखपत्र घरी विसरलेल्या साडूंना गेटवर सोडून आत जा. ताडोबा मंगळवारी बंद. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद. एवढे सोपस्कार करून वाघ निघालाच, तर त्याच्याभोवती इतक्या जिप्सी जमतात की आपल्या वाट्याला येतो तो पुढच्या गाडीतल्या काकांच्या टोपीच्या डावीकडून दिसणारा एक कान. घरी आल्यावर तो कान मोठा करून पाहुण्यांना दाखवायचा आणि पाहुण्यांनी चहाचा घोट घेत म्हणायचे, "वा! टोपी कुठली हो?"

आडरस्त्यावर असला थाट नसतो. कधीकाळी डांबर पडलेला आणि नंतर सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला, दोन्ही अंगांना वेड्या बाभळी, मध्येच कोणीतरी मळणीसाठी पसरलेली तूर, असा एखादा रस्ता धरावा. तिथे प्राणी आपणहून येतात. बुकिंग नाही, गाइड नाही, आणि मुख्य म्हणजे आपली काडीची तयारी नाही. ही शेवटची अट प्राणी फार काटेकोरपणे पाळतात.

मी तसा प्राण्यांचा फोटोग्राफर नव्हेच. मी दगडांचा. वीरगळ, सतीशिळा, बारवा, पडके वाडे, शेंदूर चढून देवपणाला पोचलेले तोफगोळे, यांच्या मागे मी सुट्टीच्या दिवशी हिंडतो. दगडाचा मोठा गुण असा की तो जागचा हलत नाही. लेन्स बदलेपर्यंत थांबतो, चष्मा पुसेपर्यंत थांबतो. आधीच सातआठशे वर्षे थांबलेला असतो, त्याला आणखी पाच मिनिटांचे काय? पन्नाशीनंतर छंद निवडताना या गोष्टी बघाव्या लागतात. गाडी चालवायला धाकटा मेव्हणा असतो. त्याला ना दगडात रस, ना प्राण्यांत. कोणत्या फाट्यावर मिसळ चांगली मिळते आणि कुठे नुसताच रस्सा लाल असतो, हा त्याचा अभ्यासाचा विषय. पण "दाजी, तुम्हाला एकट्याला सोडलं तर ताई मला सोडायची नाही," असे म्हणून तो येतो.

या भटकंतीतून माझ्या हाती एक नियम लागला आहे. कॅमेऱ्याला जी लेन्स लावलेली असते, तिच्या बरोबर उलटा प्राणी समोर येतो. देवळासाठी रुंद लेन्स लावा, प्राणी फर्लांगभर लांबून जातो. लांबची लेन्स लावा, तो बॉनेटला नाक लावून उभा राहतो. आणि कॅमेरा पिशवीत असेल तर तो छान तीन-चार पोझ देऊन, मान वळवून, मागून ऊन घेऊन जातो.

सुरुवात टिटवीने केली. मोरगाव-सुपे भागात लोणी भापकर म्हणून गाव आहे. तिथला यज्ञवराह बघावा, पुष्करणीच्या पायऱ्यांवर जरा टेकावे आणि मग आडवाटेने परतावे, असा बेत. वाटेत एका शेताच्या बांधाला टेकून ठेवलेला वीरगळ दिसला. लढाईत पडलेला वीर, वर त्याला न्यायला आलेल्या अप्सरा, त्याच्यावर शिवपूजा, माथ्याला कलश, सगळे शाबूत. ऊनही तिरपे. मी बसलो आणि डोक्यावरून काहीतरी किंचाळत गेले. पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला टोपीच्या इतक्या जवळून गेले की वारा लागला. टिटवी! दोन पावले उजवीकडे सरकलो तर तिने नवऱ्यालाही बोलावून घेतले. आता दोन बाजूंनी हल्ला. पायाशी नीट बघितले तेव्हा खड्यांमध्ये चार अंडी दिसली. मातकट रंग, त्यावर काळपट डाग, निमुळती टोके मधोमध आत करून मांडलेली. घरटे म्हणावे तर चार खडे इकडचे तिकडे केलेले, बस्स. बांधकामाचा खर्च शून्य, सुरक्षाव्यवस्था मात्र मंत्र्याला मिळत नाही अशी.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक आजी वाटेने चालली होती. ती थांबली. वीरगळ, मी आणि टिटव्या, यांपैकी तिला फक्त टिटव्यांत गम्य होते.

"अंडी उंचवट्यावर घातलीत का रं?"

मी बघितले. बांधाच्या कडेला, जरा वरच होती.

"मग औंदा पाऊस हाय," ती समाधानाने म्हणाली. "आता ऊठ तिथनं. लेकुरवाळी हाय ती."

हवामानाचा अंदाज आणि घर रिकामे करण्याची नोटीस, दोन्ही एका दमात मिळाल्यावर मी उठलो. वीरगळाचा फोटो आहे माझ्याकडे. त्यात वीर थोडा तिरका आहे, कारण फोटोग्राफर त्या क्षणी माघार घेत होता.

तिथून सुप्याकडे येताना मयूरेश्वर अभयारण्याची हद्द लागते. चिंकाऱ्यांसाठी 1997 साली जाहीर झालेले हे अभयारण्य आहे जेमतेम 5 चौरस किलोमीटरचे. चिंकाऱ्याने मनावर घेतले तर सकाळच्या फेरफटक्यातच ते संपायचे. त्यामुळे चिंकारे फलकाच्या अलीकडेही चरतात आणि पलीकडेही. आम्हाला दिसले ते फलकाच्या पार बाहेर, कोणाच्या तरी हरभऱ्याच्या रिकाम्या वावरात. तीन माद्या आणि एक नर. शेपट्या सारख्या फडफडत होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितले, आमच्या गाडीकडे बघितले, आणि रस्ता ओलांडला. नर पलीकडे जाऊन मुद्दाम थांबला, मागे वळला, शिंगांवर ऊन घेतले. कॅमेरा पिशवीत होता.

"दाजी, हा तुमच्यासाठी थांबलाय," मेव्हणा म्हणाला. पिशवीची चेन अडकली ती अडकलीच. चिंकाऱ्याने माझ्या चेनशी झालेल्या झटापटीचा शेवट बघायला थांबायचे कारण नव्हते.

खरी अडचण अशी की हे प्राणी जिथे राहतात ती जागा आपल्याला जंगल वाटतच नाही. झाडांची दाटी असली, पाण्याचा आवाज येत असला की आपण आवाज खाली करतो. माळरानावर मात्र आपण गाणी लावतो. सरकारी कागदांतही असल्या माळाची नोंद वर्षानुवर्षे पडीक म्हणून होत आली. हिरवाई वाढवायची तर पहिले खड्डे इथेच खणायचे. पण चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक यांना हेच उघडे गवत लागते. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

लांडगा भेटला तो असाच, इंदापूरकडच्या माळावर. दिवस मावळतीला आला होता, धनगरांचा कळप घराकडे निघाला होता, धूळ सोन्याची झाली होती. अशा वेळी मेंढरांचा फोटो काढला नाही तर कॅमेरा जप्त करावा. मी रुंद लेन्स लावून रस्त्याच्या कडेला उभा. पुढे पागोट्यातला म्हातारा, मग मेंढरे, मग घोड्यावर बिऱ्हाड आणि त्यावर बसवलेली कोंबडी, मग कुत्री. आणि त्याच्याही मागे, बरेच अंतर राखून, एक कुत्रे एकटेच चालले होते.

"मामा, ते मागचं कुत्रं तुमचंच ना? कळपात का येत नाही?" मेव्हण्याने विचारले.

म्हाताऱ्याने मागे वळूनसुद्धा बघितले नाही. "त्ये कुत्रं न्हाय पाव्हणं. लांडगं हाय. सकाळधरनं संगं हाय."

मेव्हण्याने आधी गाडीची काच वर केली आणि मग काचेच्या फटीतून पुढचा प्रश्न विचारला. "मग हाकलत का नाही?"

"हाकललं की पल्याडनं येतंय. दिसतंय तवर बरं असतंय. दिसंनासं झालं, की मेंढरं मोजाय लागत्यात."

एवढे बोलून त्याने तंबाखूची चंची काढली. वाइल्डलाइफवर याहून मोलाचे भाषण मी अजून ऐकलेले नाही.

लांडगा जवळून बघितला की कुत्र्याचा भ्रम टिकत नाही. पाय उंच, छाती चिंचोळी, अंग राखी-मातकट, पाठीवर काळसर केसांची रेघ. चाल अशी की पाय हलतात पण पाठ हलत नाही. आमच्या समोर आल्यावर त्याने एकदाच मान वळवली. जेवणाच्या सुट्टीला दोन मिनिटे असताना बँकेतला कॅशियर रांगेकडे बघतो, तसे बघितले आणि चालू लागला. फोटो उत्तम आला. धूळ, पागोटे, कोंबडी, सगळे जागच्या जागी. लांडगा मात्र बाजरीच्या दाण्याएवढा. घरच्यांनी फोटो बघून कुत्र्याचे फार कौतुक केले.

यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी मी 600 मिलिमीटरची लेन्स भाड्याने घेतली. ही लेन्स नसते, ते एक कर्तव्य असते. ती उचलावी लागते, पुसावी लागते, तिची अनामत रक्कम भरावी लागते. ती लावून मी दाजीपूरच्या रस्त्याला लागलो.

राधानगरी-दाजीपूर हे राज्यातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. 1958 मध्ये गव्यांसाठी राखलेले. पण आपण अभयारण्यात जायचे नाही, आपण रस्त्यावरचे. कोल्हापूरहून फोंडा घाटाने कोकणात उतरणारा रस्ता याच रानातून जातो. सकाळची वेळ, धुके. एका वळणावर पुढे एसटी उभी, इंजिन बंद. मेव्हण्याने हॉर्नवर हात नेला तेवढ्यात मागच्या दारातून कंडक्टर अर्धा बाहेर आला आणि त्याने अशा काही आविर्भावाने तळहात दाखवला की मेव्हण्याने हात स्टिअरिंगवरूनच काढून मांडीवर ठेवला.

एसटीच्या पुढून गवा रस्ता ओलांडत होता. ओलांडत होता म्हणजे, पुढचे दोन पाय पलीकडे गेले होते आणि मागच्या दोघांबाबत अजून निर्णय व्हायचा होता. पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो. काळाभोर, पाठीवर उंचवटा, गुडघ्याखाली चारही पायांना पांढरे मोजे घातलेले. शाळेच्या गणवेशातले दोनच जण त्या रस्त्यावर असावेत: बसमधली पोरे आणि हा. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून रवंथ करत होता आणि धुक्यात त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती.

एसटीतून कोणीतरी विचारले, "अवो, किती टाइम लागंल?"

"त्येला इचारा की," कंडक्टर म्हणाला. "त्येचं झाल्याबिगर गाडी हालायची न्हाई."

आणि खरेच हलली नाही. कोणी ओरडले नाही, कोणी खाली उतरले नाही. एका बाईने पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या. पोरांनी गृहपाठ काढला. ड्रायव्हरने मान मागे टाकून डोळे मिटले. मी खिडकीतून ते कर्तव्य बाहेर काढले आणि डोळा लावला. समोर काळा पडदा! लेन्स बिघडली असे वाटून जीव अर्धा झाला, अनामत रक्कम डोळ्यांपुढे नाचली. मग पडद्यावर एक पापणी हलली. गवा केव्हाच वळून आमच्या अंगाला आला होता आणि 600 मिलिमीटरच्या चौकटीत त्याचा फक्त डोळ्याखालचा भाग मावत होता. मी जे फोटो काढले त्यांत एकात पापणी आहे, एकात नाकपुडी आहे आणि एकात माशी आहे. माशी अप्रतिम आली आहे.

त्या कंडक्टरची आठवण मला नंतर फार आली. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात, थेट कोथरूडमध्ये, एक गवा वाट चुकून आला. पुण्यात आम्ही इंजिन बंद केले नाही. माणसे घरातून बाहेर आली, मोबाइल बाहेर आले, गर्दीने त्याचा पिच्छा पुरवला. तो धावून धावून दमला, पकडला गेला आणि त्याच दिवशी मेला. दाजीपूरच्या रस्त्यावर एका एसटीभर लोकांना जे सहज जमले, ते एका सुशिक्षित उपनगराला जमले नाही.

सरड्याची गोष्ट मात्र वेगळी, कारण तिथे प्राण्यापेक्षा माणसांनीच जास्त धावपळ केली. साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघर, आणि त्याच्या पुढे चाळकेवाडीचे पठार. नजर जाईल तिथपर्यंत पवनचक्क्या. मे महिना, दुपार, सडा तापलेला. मेव्हणा गाडीत आसन मागे पाडून झोपलेला. मी पवनचक्क्यांच्या रांगेचा फोटो घेत होतो तेवढ्यात पायाजवळच्या दगडावर काहीतरी चमकले. वीतभर सरडा, मातीच्या रंगाचा, दोन पायांवर ताठ उभा. आणि एकाएकी त्याने गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी. मिटला. पुन्हा उघडला. समोरच्या धोंड्यावर एक मादी बसली होती आणि ती दुसरीकडे बघत होती. 2016 साली शास्त्रज्ञांनी या चाळकेवाडीच्या सरड्याला 'सरडा सुपर्बा' असे नाव देऊन स्वतंत्र प्रजाती म्हणून जाहीर केले. मादीपर्यंत ही बातमी पोचली नसावी.

अशा सरड्याचा फोटो उभ्याने काढायचा नसतो. मी पालथा पडलो. हनुवटी दगडावर, कोपरे काट्यांत, पाय रस्त्यावर. आणि अगदी हळू, बोटभर बोटभर पुढे सरकू लागलो. तेवढ्यात मागे मोटारसायकल थांबली.

"काका पडल्यात जणू."

"उन्हानं चक्कर आली आसंल. हलवू नगा."

बोललो तर सरडा पळणार. मी डावा हात मागे नेऊन बोटांनी खूण केली, की गप्प राहा, जवळ येऊ नका.

"आरं, बोटं वाकडी व्हाय लागली! फिट हाय ही!"

पुढचे मी फक्त कानांनी अनुभवले. डोक्यावर सरपण घेतलेल्या बायका थांबल्या. पवनचक्कीवरचा रखवालदार शिटी वाजवत आला. कांदा आणा, म्हणून एकजण कोणाच्या तरी डब्याकडे धावला. एक पोक्त आवाज म्हणाला, "कांद्यानं काय हुतंय? चप्पल दावा नाकाला." यावर एकमत झाले. कॅमेऱ्यातून मला सरडा दिसत होता, गळ्याचा पंखा पूर्ण उघडलेला, आणि चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातून टायरच्या तळाची एक कोल्हापुरी हळूहळू आत येत होती. मी बटण दाबले. या छायाचित्राइतका सातारा जिल्ह्याचा सर्वसमावेशक फोटो दुसरा नसेल.

चपलेचा गुण तात्काळ आला. मी उठून बसलो. जमलेल्यांनी आधी सुटकेचा श्वास सोडला आणि मग मी कशासाठी पडलो होतो ते ऐकून घेतले.

"सरडा?" पोक्त गृहस्थांनी चप्पल पुन्हा पायात घातली. "हितं पायात येतंय की त्ये. आन् तुमी त्याच्यासाटी पुन्यासनं आलाय?" सरपणवाल्या बायका काहीही न बोलता निघून गेल्या. त्यांच्या पाठींवरूनही त्यांचे मत कळत होते.

एवढा गलका झाला तरी जो जागचा हलला नाही, तो सरडा. मला वाटले, माझ्या सौम्य व्यक्तिमत्त्वाचा हा प्रभाव. पुढे कारण कळले. याच पठारावर संशोधकांनी अभ्यास केला आणि तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या पात्यांमुळे तिथे शिकारी पक्षी फारसे फिरकत नाहीत. सरड्यांना वरून झडप घालणारे कोणी उरले नाही, म्हणून सरडे वाढले, त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी झाले आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळायची घाई करत नाहीत. म्हणजे सरडा माझ्यावर विश्वास टाकून बसला नव्हता. तो निवृत्तीनंतरचे आयुष्य जगत होता. वीज आपण घेतली, ससाणे आणि गरुड घाबरून लांब गेले, आणि मजा सरड्याची झाली. दगडांच्या नादी लागलेल्या माणसाला निसर्गाची साखळी समजावी, तर ती अशी नाकाला चप्पल लावून.

राहिला बिबट्या. जुन्नर भागात बिबट्या दिसणे यात अनपेक्षित ते काय, असे तिथला माणूस विचारील, आणि त्याचे बरोबर आहे. कुकडीच्या धरणांचे पाणी फिरले, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो, आत गारवा, अंधार, बाहेर कुत्री आणि शेळ्या. ऊसतोडीच्या वेळी फडात बछडी सापडतात. बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल बघितलेलेच नाही, त्यांचे गाव ऊसच. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 मध्ये आला. तिथे शेतीच्या, वस्तीच्या मुलखात 100 चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले आणि तरसेही जवळपास तेवढीच. शेजारी कोण राहतो ते आपल्याला माहीत नसते, हे फक्त शहरांतच खरे आहे असे नाही.

आम्ही कुकडेश्वराचे देऊळ बघून परतत होतो. सांज झालेली. वाटेत कांदा स्वस्त मिळाला म्हणून मेव्हण्याने पोते घेतले होते आणि ते डिकीत, कॅमेऱ्याच्या पिशवीवर बसले होते. कालव्याच्या रस्त्याला वळलो आणि मेव्हण्याने ब्रेक दाबला.

"दाजी. ते."

कालव्याच्या भरावावर बिबट्या बसला होता. पुढचे पंजे जोडून, शेपूट पायांभोवती घेऊन. गाडीच्या दिव्यात त्याचे ठिपके मोजता आले असते. त्याने आमच्याकडे बघितले, जांभई दिली, दात किती आहेत ते दाखवले. असा बिबट्या टिपायला लोक महिना महिना मचाणावर बसतात.

"कॅमेरा," मी कुजबुजलो.

"डिकीत आहे," मेव्हणा म्हणाला. "वर कांदे आहेत. मी उतरणार नाही. तुम्हालाही उतरू देणार नाही. ताई मला सोडायची नाही."

समोरून मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि खिशातल्या मोबाइलवर टिपेच्या आवाजात भजन. गाडी आमच्याजवळ थांबवून त्या माणसाने बिबट्याकडे हनुवटी केली. "अजून हितंच हाय व्हय? मगाशी जातानाबी हितंच व्हता." मग आवाज उतरवून म्हणाला, "फोटू काय काढता सायेब? राती पंपाला लाइट येती. पाणी धरायला मलाच जायाचं असतंय त्या फडात."

बिबट्या उठला, उसात शिरला. पाने दोनदा हलली आणि थांबली.

त्या माणसाचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्याने माणसे मारली आहेत, लहान मुलेही. तिथल्या लोकांसाठी दारातला बिबट्या म्हणजे रोजची धास्ती. म्हणून शेतीला दिवसा वीज द्या, ही त्यांची मागणी पुरवणे वन्यजीव संरक्षणाच्या कोणत्याही पोस्टरपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. रविवारी गाडी घेऊन येणाऱ्याने बिबट्याच्या प्रेमावर व्याख्यान द्यायला त्यांच्याकडे जाऊ नये.

आणि बिबट्याच्या बाजूनेही एक हकिकत आहे. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. आजोबा हे त्याचे नाव. आजोबा तिथून चालत निघाले. शेते, वस्त्या, रेल्वेचे रूळ, महामार्ग ओलांडत सुमारे 120 किलोमीटर अंतर कापून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचले. वाटेत एकाही माणसाला त्यांनी नख लावले नाही. 2014 मध्ये त्यांच्यावर मराठी सिनेमाही आला. तो बघायला आजोबा नव्हते. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्यांना उडवले होते.

आडरस्त्यांवर मी जे बघितले त्याची आणखी एक यादी आहे. ती मी कोणाला दाखवत नाही. दिव्याच्या झोतात बसून राहिलेला आणि शेवटच्या क्षणी उडायला उशीर झालेला रातवा. मुंगूस, उदमांजर, धामण. एकदा साळिंदर, काटे रस्ताभर. यांचे फोटो कोणतीही लेन्स लावली तरी नीट येतात. ते दगडांइतकेच स्थिर असतात.

म्हणून एवढेच सांगणे. दिवस मावळला की आडरस्त्यावर गाडी 40 च्या वर नेऊ नका, पुढे डोळे चमकले तर दिवे खाली करा आणि थांबा. लांडगा, बिबट्या कुठे दिसला ते गावच्या नावासकट समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे पाच गाड्या उभ्या असतात. फोटो आला नाही तरी काही बिघडत नाही, माझे कुठे आले? आणि गवा आडवा आला तर इंजिन बंद करा, शेंगा काढा आणि कंडक्टर सांगेल तसे करा. एसटीच्या कंडक्टरइतका चांगला वनाधिकारी मला अजून भेटलेला नाही.